भाड्याचं नंतर बघू, आधी डिपॉझिटचं बोला

कमी पगाराच्या माणसाला भाड्याचं घर परवडत नाही, यावर बोलताना सगळे महिन्याच्या भाड्यावरच बोलतात. पगार इतका, भाडं इतकं, मग उरलं काय. मीही आधी असाच हिशोब मांडायचे. पण गेली काही वर्षं ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांबरोबर घरं शोधत फिरले, त्यांचे फॉर्म भरून दिले, रांगेत उभी राहिले आणि आता माझं पक्कं मत झालंय की माणूस भाड्यापाशी नंतर अडतो, आधी अडतो तो दारापाशी. डिपॉझिट, एजंटची फी, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं, सामान हलवायचा टेम्पो, हे सगळं एकाच आठवड्यात हातात लागतं आणि नेमकं तेच नसतं. महिन्याचं भाडं तो कसंबसं भरतच आलेला असतो हो, वर्षानुवर्षं! सरकारी मदत मात्र बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्याभोवती बेतलेली, आणि ती पण उशिरा येणारी. तो पैसा आधी दारापाशी आणून ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. पण त्याला फाटे बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक ताई आहेत, ऑफिसांची साफसफाई करतात, दोन मुलं पदरात. नाव नको. आठ वर्षं एकाच खोलीत राहिल्या, भाडं एकदाही चुकवलं नाही. मालकाने घर विकायला काढलं आणि दोन महिन्यांत खाली करा म्हणाला. जुनं डिपॉझिट परत मिळेल, तेच नव्या घराला देऊ, असा ताईंचा साधा हिशोब. पण गंमत अशी की जुनं डिपॉझिट मिळतं घर रिकामं केल्यावर आणि नवं द्यावं लागतं चावी हातात यायच्या आधी, म्हणजे मधल्या चार-आठ दिवसांसाठी माणसाजवळ दोन डिपॉझिटं हवीत. ज्याच्याजवळ एकाचीच मारामार त्याने दुसरं कुठून आणायचं? ताईंनी व्याजाने पैसे काढले. व्याज विचारू नका.

आणि जुन्याचं काय झालं ते ऐका. मालकाने वहीच्या फाडलेल्या पानावर कापून घेतलेल्या पैशांची यादी दिली. रंगकाम, मोरीचा नळ, दाराची कडी आणि खाली 'खिळ्यांची भोकं – 9'. नऊ! मोजलेली! मी ताईंबरोबर त्या रिकाम्या खोलीत जाऊन परत मोजली तर सात भरली, त्यातली दोन त्यांच्या आधीच्या भाडेकरूची असं त्यांचं म्हणणं, पण ते सिद्ध कसं करणार, राहायला आल्या तेव्हा भिंतीचे फोटो कुणी काढलेत? आम्ही दोघी भिंतीकडे बघत उभ्या, थोडं हसूही आलं. जवळजवळ अर्धं डिपॉझिट त्या सात का नऊ भोकांतून गेलं. जाऊन भांडता आलं असतं, पण भांडायला कामाचे दोन-तीन खाडे करावे लागले असते आणि खाड्यांचा हिशोब घातला तर भोकांचे पैसे परवडले.

हे कुणा एका खडूस मालकाचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. भाडेकरूचा पैसा मालकाच्याच खिशात ठेवायचा आणि तो परत द्यायचा की नाही हेही मालकानेच ठरवायचं, ही रचनाच चुकीची आहे. जिथे हे लोकांच्या लक्षात आलं तिथे त्यांनी पैसा तिसऱ्याकडे नेऊन ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 1977 पासून डिपॉझिट सरकारी बोर्डाकडे जमा होतं. न्यूझीलंडमध्येही ते सरकारकडे भरावं लागतं, आणि साधारण चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. इंग्लंडमध्ये मालकाला 30 दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेखाली ते सुरक्षित करावं लागतं, आणि 2019 च्या कायद्याने बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, शिवाय एजंटने भाडेकरूकडून उकळायच्या बऱ्याचशा फिया बंद केल्या. भांडण झालं की तिसरा माणूस कागद बघून ठरवतो. भोकं मग नऊ आहेत का सात, हे मालकाच्या मनावर राहत नाही.

जर्मनीतली एक तरतूद मला फार आवडते. तिथे डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं, म्हणजे कमी नाहीच, पण भाडेकरूला ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क आहे आणि पहिला हप्ता राहायला आल्यावर. बघा, सरकारच्या तिजोरीतून एक पैसा गेला नाही. नुसतं 'एकरकमी' हा शब्द कायद्याने मोडून काढला आणि दार तेवढं रुंद झालं. भारताच्या केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, फक्त तो आदर्श आहे, म्हणजे राज्यांनी आपापला कायदा केला तर लागू, आणि आदर्श गोष्टींचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

उलट्या टोकाला दक्षिण कोरिया. तिथला 'जॉन्से' हा प्रकार म्हणजे आपण ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतो त्याचा थोरला भाऊ. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कमसुद्धा मालकाकडे एकदम ठेवायची, मग महिन्याला भाडं शून्य, करार संपला की सगळे पैसे परत. ऐकायला किती छान! पण ती रक्कम लोक बँकेचं कर्ज काढून आणतात आणि मालक ती पुढच्या घरात गुंतवून मोकळा होतो. 2022 च्या सुमारास तिथे घरांचे भाव पडले आणि कित्येक मालकांकडे परत द्यायला पैसाच उरला नाही, काहींनी तर ठरवून फसवलेलं होतं, तरुण पोरापोरींची आयुष्यभराची पुंजी अडकली, 2023 मध्ये सरकारला या फसवणुकीच्या बळींसाठी खास कायदा करावा लागला. महिन्याचं भाडं शून्य असूनही माणूस रस्त्यावर येऊ शकतो, तो असा.

आता मदतीकडे येते. भाड्यासाठी सरकारी मदत म्हटलं की अमेरिकेचं व्हाउचर हे नेहमीचं उदाहरण. 1974 च्या कायद्यापासून ही पद्धत सुरू झाली. भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के द्यायचे, वरचं भाडं ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार थेट मालकाला देतं. (हे 30 टक्के कुठून आले म्हणाल तर काही फार मोठं शास्त्र नाही त्यामागे. 1969 मध्ये सरकारी घरांच्या भाड्यावर उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली होती, 1981 मध्ये खर्च कपातीच्या धोरणात ती 30 केली. आता जगभर लोक तो आकडा पंचांगासारखा सांगतात. ज्याचं उत्पन्नच तुटपुंजं त्याला उरलेल्या 70 टक्क्यांत घर चालवून दाखवायला सांगा.)

योजना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही, ज्यांना मिळतं त्यांचं आयुष्य बदलतं. पण मिळतं कुणाला? पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकाला भाड्याची सरकारी मदत मिळते, कारण ती हक्क म्हणून नाही, पैसे असतील तोवरच. बाकीचे वेटिंग लिस्टवर, आणि पुष्कळ शहरांत तर लिस्टही बंद, अधूनमधून चार दिवस उघडते आणि मग लॉटरी. बरं, इतकं करून व्हाउचर हातात पडलं, तरी घर आपलं आपण शोधायचं, सुरुवातीला किमान 60 दिवस मिळतात, मुदतवाढ मिळाली तर ठीक, नाहीतर व्हाउचर परत. व्हाउचरवाला भाडेकरू नको म्हणणाऱ्या मालकाला देशपातळीवर कायद्याची बंदी नाही, काही राज्यांत आणि शहरांत आहे. आणि इतकी वर्षं थांबून मिळालेल्या या नेहमीच्या व्हाउचरमध्ये सहसा डिपॉझिटच बसत नाही! म्हणजे दर महिन्याला भाडं द्यायला सरकार तयार, पण दारातून आत जायला लागणारी रक्कम मात्र ज्याच्याकडे काहीच नाही म्हणून व्हाउचर दिलं त्यानेच आणायची.

कोविडच्या काळात त्यांच्याही हे लक्षात आलं असावं. 2021 मध्ये 70,000 तातडीची व्हाउचरं काढली तेव्हा प्रत्येक व्हाउचरमागे 3,500 डॉलर वेगळे ठेवले, डिपॉझिट, अर्जाच्या फिया, घर शोधायला सोबत, मालकाला तयार करणं असल्या कामांसाठी. मला विचाराल तर त्या सगळ्या योजनेतली शहाणपणाची ओळ हीच.

मालकांची बाजू नाही का, असं कुणीतरी विचारणारच, तर आहे. सगळेच मालक गब्बर नसतात. एकच जादाचं घर, त्यावर कर्ज, भाड्यातूनच हप्ता जाणार, अशा माणसाला एखादा भाडेकरू सहा महिने भाडं न देता बसून राहिला तर तो बुडतो, आणि कोर्टात जाऊन घर सोडवायला किती वेळ लागतो ते सर्वांना माहीत आहे. डिपॉझिट हे त्याच्या भीतीची किंमत आहे. पण ही भीती गरिबाच्याच पैशाने का विकत घ्यायची? फ्रान्समध्ये 2016 पासून 'विझाल' नावाची हमी आहे, तरुणांना आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या नोकरदारांना फुकट, भाडेकरूने भाडं थकवलं तर हमी देणारी संस्था मालकाला पैसे देते आणि मग भाडेकरूकडून हळूहळू वसूल करते. मालक निर्धास्त, आणि भाडेकरूला जामीन राहायला कुणा काका-मामाच्या पाया पडायला नको. जामीन ही पण एक डिपॉझिटच आहे, फक्त पैशात नाही, नात्यात भरायची. ज्याच्या नात्यात पगारपत्रकवाला कुणीच नाही त्याने काय करायचं?

यावर मला एका मित्राने चांगलं सुनावलं, ते लिहायलाच हवं. तो म्हणाला, घरंच कमी असतील तर तू डिपॉझिट दे नाहीतर भाडं दे, शेवटी तो पैसा मालकाच्याच घशात जाणार, दहा माणसं आणि सात खुर्च्या असतील तर प्रत्येकाच्या हातात नोट देऊन खुर्च्या दहा होत नाहीत. खरंय. फ्रान्समध्येच 1990 च्या दशकात भाडे-भत्ता वाढवला त्याचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा भत्त्याच्या एका युरोमागे सुमारे 78 सेंट भाडेवाढीत गेलेले दिसले. म्हणजे मदत भाडेकरूच्या नावाने, पोचली मालकाला. माझ्या मते हा मुद्दा महिन्याच्या भत्त्याला जास्त लागू आहे. दर महिन्याला कायमचे येणारे पैसे मालक भाड्यात धरून चालतो, एकदाच मिळणारी आणि परत जाणारी डिपॉझिटची हमी भाड्यात धरता येत नाही. तरी खुर्च्या वाढवाव्या लागणार यात वादच नाही.

खुर्च्या वाढवायचं म्हटलं की व्हिएन्ना. 1919 ते 1934 या काळात त्या शहराने 60,000 च्या वर घरं बांधली, 1923 मध्ये खास घरबांधणीसाठी कर बसवला, मोठ्या बंगलेवाल्यांवर जास्त आणि छोट्या घरांवर नाममात्र. कार्ल मार्क्स होफ ही त्यांची 1930 मध्ये उघडलेली इमारत एक किलोमीटरहून लांब आहे. आजही शहराच्या मालकीची सुमारे 2,20,000 घरं आहेत आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची घरं धरली तर शहरातली निम्मी माणसं अशा घरांत राहतात. निम्मी! त्यात शिक्षक आहेत, कारकून आहेत, म्हणून तिथे सरकारी घर म्हणजे गरिबांची वस्ती असा शिक्का बसला नाही. भाडी कमी ठेवायचा याच्याइतका टिकाऊ उपाय मला दुसरा माहीत नाही. पण त्याला शंभर वर्षं लागली हेही खरं, आणि ताईंना घर हवं होतं महिनाअखेरीच्या आत. बांधायला आजच सुरुवात करा, पण बांधून होईपर्यंत माणसं कुठे उभी राहणार त्याचंही बोला.

भाड्यावर कायद्याने मर्यादा घालणं हा तिसरा रस्ता, त्यावर लिहायला बसले तर दुसरा लेख होईल. बर्लिनचं एवढंच सांगते. 2020 मध्ये शहराने भाडी गोठवली, पुढे काहींची उतरवलीसुद्धा, आणि 15 एप्रिल 2021 ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला, हा शहराचा अधिकारच नाही म्हणून. मग कित्येक भाडेकरूंवर कमी भरलेल्या भाड्याचा फरक द्यायची वेळ आली. एकदम. परत तीच एकरकमी!

मदत असूनही पोचत नाही याचं दुसरं कारण कागद. कोविडमध्ये अमेरिकेने थकलेल्या भाड्यासाठी साडेशेहेचाळीस अब्ज डॉलर काढले, इतिहासात कधी काढले नव्हते एवढे. आणि जुलै 2021 संपेपर्यंत त्यातले जेमतेम 11 टक्के वाटून झाले होते. उत्पन्नाचा दाखला आणा, मालकाची सही आणा, भाडेकरार आणा, कोविडनेच नोकरी गेली याचा पुरावा आणा. रोख पगारावर काम करणाऱ्याने कुठला दाखला आणायचा आणि तोंडी करारावर राहणाऱ्याने कुठला कागद? ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे घर खाली करून घेण्यावरची बंदी कोर्टाने उठवली त्याच आठवड्यात, केंद्राने कार्यालयांना स्पष्ट सांगितलं की अर्जदाराचं स्वतःचं लेखी म्हणणं पुरावा म्हणून धरा. मग गाडी जोरात हलली. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर? काही लोक खोटं बोलतील, हो, बोलतील. पण दहा खोट्यांना अडवायला शंभर खऱ्यांना दारात उभं करायचं हा कुठला हिशोब?

ताईंची एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, झिपवाली. तिच्यात सगळं आहे, मुलांच्या शाळेचे दाखले, वीजबिलं, पगाराचे मेसेज दिसणारे स्क्रीनशॉट प्रिंट काढून, जुन्या मालकाच्या हातच्या पावत्या. प्रत्येक ऑफिसात ती पिशवी उघडायची, त्यातलं एक काहीतरी नेमकं नसतं, मग ते आणायला खाडा. मी तिला गमतीने ताईंचं लॉकर म्हणते.

घर शोधणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर अनुभवातून चार गोष्टी सांगते, क्रम वगैरे काही नाही. भाडं थकायच्या आधी बोला, थकल्यावर नाही, बहुतेक मदतनिधी आणि बहुतेक मालकसुद्धा आधी सांगितलं तर ऐकून घेतात, दोन महिने फोन न उचलता तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर कुणीच ऐकत नाही. मालकाशी झालेलं बोलणं लगेच मेसेजने लिहून पाठवा, 'आज आपलं असं ठरलं' एवढंच, तो 'ओके' म्हणाला तरी तुमचा कागद तयार. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक पैसासुद्धा पाठवू नका, फोटो भारी आणि भाडं कमी आणि मालक परगावी आणि टोकन आजच पाहिजे असं असेल तर ती फसवणूकच समजा, आणि याला बळी पडतात ते लोभी लोक नाहीत, घाईत असलेले लोक पडतात. राहायला जाताना आणि सोडताना प्रत्येक भिंतीचे, नळाचे, मीटरचे फोटो काढा. खिळेसुद्धा. डिपॉझिट हप्त्यांत घ्याल का असं विचारायला लाजू नका, विचारल्यावर दोनदा नाही येतं आणि तिसऱ्यांदा हो येतं, मी बघितलंय. आणि एकाच लिस्टवर नाव घालून बसू नका, जितक्या दिसतील तितक्या लिस्टांवर घाला, आणि पत्ता किंवा नंबर बदलला की प्रत्येक ठिकाणी कळवा.

हे शेवटचं मी आता सगळ्यांना बजावून सांगते, कारण ताईंचं नाव चार वर्षांपासून कमी भाड्याच्या घरांच्या एका लिस्टवर होतं. मधे दोन वेळा घर बदललं, धावपळीत पत्ता कळवायचा राहिला, ती चूक आमची. गेल्या महिन्यात सहज चौकशी केली तर कळलं की नंबर आला होता, पत्र जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेलं, उत्तर द्यायची मुदत संपली आणि नाव काढून टाकलं. त्या जुन्या मालकाने पत्राचं काय केलं कुणास ठाऊक. खिडकीमागची मुलगी चांगली होती, तिने तिथल्या तिथे नवा फॉर्म दिला, पिशवीतले कागद या वेळी सगळे निघाले. पत्त्याच्या रकान्यात ताईंनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग माझा पत्ता लिहिला.